पुलावरचा भाताचा टोप

अरे, मुलुंड-ठाण्याच्या मधला नाला आठवतो ना? सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आमच्या शालनवहिनीचा नवरा मुलुंडच्या बाजूचा नालेसफाईचा मुकादम, तिचा सख्खा भाऊ ठाण्याच्या बाजूचा. उन्हाळ्यात दोघंही नाल्यातला गाळ काढून समोरच्याच्या काठावर टाकायचे. पावसात तो परत नाल्यात, आणि पाणी घराघरांत!

एका मे महिन्यात वहिनी भाताचा टोप घेऊन पुलावरच बसली. भावाकडे बोट दाखवत नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही माझ्या आईचं घर बुडवता, हा माझं. आधी गाळ ट्रकमध्ये, मग जेवण."

"अगं, साहेबांना विचारावं लागेल," नवरा म्हणाला.

"आमच्याही साहेबांना," भाऊ पुटपुटला.

"मग दोघांनाही आणा इथं. भात जास्तच टाकलाय."

दोन्ही साहेब आले, घाम पुसत उभे राहिले. वहिनी ढिम्म. पुलाच्या दोन्ही टोकांना ट्रक लागले, तेव्हा कुठे तिनं झाकण उघडलं.