शुभ दीपावलीचा तारा

आमचं मूळ नगरकडचं. वडील मिशनच्या कंपाउंडात माळीकाम करायला पुण्यात आले, त्यांनी जन्मभर गुलाबांना पाणी घातलं आणि मला प्रार्थना शिकवली, त्यातलं गुलाबांचं काम बरं झालं. हसू नका. म्हणजे प्रार्थना मला यायची, फारच यायची, तीच तर पंचाईत होती. चर्चच्या मंडळीत कुणाकडे घरसभा असली की पाळकसाहेब म्हणायचे, साळवेभाऊ प्रार्थना करतील, आणि बायका उठून चहाखालचा गॅस बंद करायच्या, कारण मी एकदा डोळे मिटले की सुरुवात आदामापासून. आमची रूथ म्हणायची, अहो, देवाला सगळं ठाऊक असतं, त्याला पत्ता पिनकोडसकट कशाला सांगता?

हडपसरला एका कारखान्यात मी लेथवर होतो. मग बाजार उघडला, बाहेरून स्वस्त माल यायला लागला, आमचे सुटे भाग कुणाला नकोसे झाले आणि एका सकाळी गेटला कुलूप. तिकडे पलीकडच्या रस्त्याला काचेच्या इमारती उठत होत्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं बसमधून उतरत होती, आणि मी डबा घेऊन धायरीला घरी परत.

काय सांगू तुम्हाला, नोकरी गेल्याची एवढी लाज नव्हती हो, आमच्या अख्ख्या शेडची गेली. लाज वाटायची ती याची की माझी प्रार्थनाही गेली. डोळे मिटले की आत काहीच नाही. पट्टा चालायचा थांबल्यावर शेडमध्ये जशी शांतता व्हायची ना, तशी. आजवर कुणाच्याही दुखण्याखुपण्यात जाऊन तासतासभर विश्वास धरा, विश्वास धरा सांगणारा मी, आता रविवारी मागच्या बाकावर बसायचो आणि शेवटचं गीत सुरू झालं की सटकायचो, दारात कुणी सलाम करून म्हणू नये की साळवेभाऊ, आमच्यासाठी प्रार्थना करा.

अशात नाताळ आला. आमच्या मंडळीची रीत अशी की दारात तारा लावायचा, दिवेलागणीला गाणारी मंडळी निघतात, तारा दिसला की वर येतात, गातात, करंज्या खातात, आणि निघताना घरधन्याने प्रार्थना करायची. तारा नसला तर या घरात यंदा मयत झाली असं समजून खालूनच गुपचूप पुढे जातात. मी म्हटलं, सुटलो. तारा माळ्यावरच राहू दे. रूथ मात्र करंज्या तळत राहिली. आमची ज्योती तेव्हा शाळेत होती, तिने भाबडेपणाने विचारलं, पप्पा, आपल्याकडे कोण वारलं? मी म्हटलं, गप बस.

समोरच्या दारात देशपांडे काकू राहायच्या. त्यांचं लक्ष नाही अशी गोष्ट आमच्या जिन्यात घडायची नाही. म्हणाल्या, अहो साळवे, यंदा तुमच्या देवाचा वाढदिवस रद्द झाला का? मी म्हटलं, नाही हो काकू, तारा फाटलाय. सणासुदीला, देवाच्या नावावर खोटं बोललो. बरं, म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळाने जिन्यात स्टूल सरकल्याचा आवाज आला, बघतो तर आमच्या खिळ्याला काकूंचा दिवाळीचा कापडी आकाशकंदील, आत बल्ब चालू, आणि वर सोनेरी अक्षरांत शुभ दीपावली. काकू स्टुलावरूनच म्हणाल्या, फाटका नाहीये, बघून घ्या, आणि पुढच्या दिवाळीला परत करा, ही भेट नाही.

काढावा तर काकू समोर उभ्या. तेवढ्यात गाणारी मंडळी वर आली. पाळकसाहेबांनी कंदिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गाणी झाली. मग तेच, साळवेभाऊ, प्रार्थना करा. आत रूथने सवयीने गॅस बंद केला, तो आवाजसुद्धा ऐकू आला मला. मी डोळे मिटले, कान तापले, शब्द एक नाही. कुणीतरी खोकलं. शेवटी वडिलांनी हातात झारी धरून पाठ करून घेतलेली प्रभूची प्रार्थना, पोरंसोरं म्हणतात ती, तीच तोंडातून निघाली, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपाशी आलो आणि मी रडायला लागलो हो, एवढा बाप्या, सगळ्यांपुढे. पुढचं मंडळींनी उचललं. मी न म्हणता माझी प्रार्थना पुरी झाली. रूथ म्हणाली, अहो, आज चहा गरम आहे.

पुढे कात्रजला एका वर्कशॉपात काम मिळालं, दिवस निघाले. पण प्रार्थना काही पूर्वीसारखी फुलली नाही, दोन वाक्यांत संपते, बायका गॅस बंद करत नाहीत आता. कंदील दिवाळीला काकूंच्या दारात आणि नाताळला आमच्या, असा ये-जा करायचा. काकू गेल्या, मग आमच्याकडेच राहिला.

आणि आता बघा, ज्योती. काचेच्या इमारतीत लागली, स्वतःचा फ्लॅट केला, आणि यंदा एका ईमेलवर नोकरी गेली. म्हणाली, पप्पा, आमच्याकडे तारा नको, लोक येतील, विचारतील. उपदेश करायची मला लाज वाटते, कुठल्या तोंडाने करू? मी कंदील घेतला, तिच्याच घरातलं स्टूल घेतलं आणि लावला दारात. पप्पा, यावर शुभ दीपावली लिहिलंय, ती म्हणाली. मी म्हटलं, फाटका नाहीये, बघून घे, आणि परत कर.

आज संध्याकाळी येतील मंडळी तिच्याकडे. तिला शब्द सुचले नाहीत तर आम्ही आहोत उचलायला. देवा, पोरीला सांभाळ, आणि हे ऐकत बसलेत त्यांनाही. बास, एवढीच येते आता.