एकतीसच्या आत

डिसेंबर संपत आला होता. सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या औषधांच्या दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

“तन्मय, इतके बाम कोण चोळणार?”

“निहारिका, कंपनीने आरोग्यासाठी दिलेले पैसे एकतीसला बुडतात. व्हिटॅमिनच्या गोळ्याही घे.”

“त्यात बायकोचा चेकअप बसतो ना? काखेत गाठ लागतेय मला.”

“चेकअप केला की काहीतरी निघतंच. मग पुढचा खर्च आपल्या खिशातून.”

“मग या गोळ्या कशाला?”

“तब्येतीची काळजी नको का घ्यायला?”

“घेते ना. मी नोव्हेनाला डॉक्टरकडे निघाले.”

“अगं, आधी बिल तरी होऊ दे!”

“कर की सावकाश. तुझं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे.”