ओढ्यासाठी ओलीस

— नाही नाही, उठू नका दादा, हलूसुद्धा नका! तसेच बसा. डावा खांदा किंचित खाली — हां. झोपला. अहो, खरंच झोपला! फोटोपुरतं घेतलं होतंत ना माझ्या बाळाला मांडीवर? आता घ्या. दिवसा हा कुणाच्या बापाकडे झोपत नाही — म्हणजे त्याच्या स्वतःच्याच बापाकडे — आणि तुमच्याकडे मान टाकून घोरतोय. तुमची माणसं जिन्यात थांबलीत, थांबू देत की. प्रचार म्हणजे लोकांच्या घरी वेळ द्यायचा, असं तुमच्याच पत्रकात आहे. वाचलंय मी. म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं वाचलं, कारण वरचा भाग यानं चघळला. तुमचा फोटो हनुवटीपासून खालीच शिल्लक आहे.

दादा म्हटलं तर चालेल ना? सगळे म्हणतात म्हणून. तसे तुम्ही काका व्हाल — नाही, तरुण दिसता, तो मुद्दाच नाही. मुद्दा ओढ्याचा आहे. आमच्या इमारतीमागचा. खाली बाकावर मुलांना घेऊन बसतो ना आम्ही आया, आम्ही ठरवलंय की दारात येईल त्या उमेदवाराला ओढ्याबद्दल विचारायचं, आणि तुम्ही माझ्या वाट्याला आलात. मी भाषणही तयार केलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं, छान झालं. मग याच्यासमोर म्हटलं, तर हा रडायला लागला. आता त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा आठवत नाही. एम.ए. झालंय हो माझं, खोटं वाटेल, पण बाळंतपणापासून माझं एकही वाक्य शेवटपर्यंत — काय म्हणत होते मी? हां, ओढा.

तर त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालायच्या, वरून स्लॅब टाकायचा आणि स्लॅबवर गाड्या लावायच्या, असा तुमच्या पक्षाचा बेत आहे म्हणे. आणि तुमच्या पत्रकावर मोठं हिरवं झाड! बरं, खरं झाड खाली फाटकाशी आहे, त्याच्या बुंध्यावर तुमचा हसरा चेहरा खिळ्यांनी ठोकलाय. दोन ठिकाणी. तुम्ही नाही ठोकलात, मान्य, तुमच्या माणसांनी ठोकलाय. पण झाडाला काय कळतंय कोण ठोकतंय — जोरात हसू नका, तो हलतोय.

पूर्वी घाणच होती तिथे, नाही म्हणत नाही. गटाराची नळी दुसरीकडे वळवली, आम्ही पोत्यांनी प्लास्टिक काढलं आणि मग — काही नाही, मग नुसतं सोडून दिलं. तेवढंच केलं. आणि लव्हाळे आले हो आपोआप! बेडूक आले. ते कुठून आले, विचारा. मला नाही माहीत. मी सगळं वाचून काढते, ताप किती चढला की डॉक्टरांकडे पळायचं ते पाठ आहे माझं, पण बेडूक कुठून येतात ते कुठे सापडलं नाही. सासूबाई म्हणतात, डास होतील. अहो, बेडूक डासच खातात ना! पण हे मी त्यांना कधी म्हटलेलं नाही, तुम्हालाच म्हणतेय. हळू बोला हं, त्या आतच आहेत, आणि त्या तुमच्याच आहेत. नवरा गाड्यांच्या बाजूचा आहे. रोज गाडी लांब लावावी लागते म्हणे. त्यामुळे या घरात तुमची दोन मतं पक्की आहेत, मी उगाच — उगाच नाही, थांबा.

परवाची गोष्ट सांगते. नको, राहू दे. बरं, सांगते. हा सकाळपासून रडत होता. पोट बघितलं, कान बघितला, कपडे उलटे करून मुंगी शोधली, काही नाही. शेवटी तसाच उचलला आणि मागे ओढ्यापाशी जाऊन उभी राहिले. का गेले, कोण जाणे, भिंतींकडे बघून कंटाळले असेन. आणि लव्हाळ्यावर खंड्या बसला होता, निळाशार, तो एकदम पाण्यात पडला — हो, पडला असंच वाटतं — आणि मासा घेऊन वर! तर हा गप्प. मग त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, पाहिलंस का, असं विचारल्यासारखं. दादा, तोपर्यंत मला वाटायचं की हा माझ्यावर रागावलेला आहे. जन्मल्यापासून. मी त्याला आवडतच नाही, आणि कुणाला सांगायची सोय नाही, कारण जो तो म्हणतो, किती गोड आहे गं! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की जमेल आमचं. आता रोज जातो आम्ही तिथे. तेवढ्यावरच दिवस — हे नव्हतं हं भाषणात. तुमच्या त्या चष्मेवाल्या पोरानं मोबाईल बंद केलाय ना? बघा जरा. मानेनं सांगा.

काय? बघू? बघू नको. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, मीही नवऱ्याला हेच सांगते. नक्की विचार करू? तेही नको. तुमच्या आधी दुसऱ्या पक्षाचे आले होते, त्यांनी माझं निम्मं ऐकूनच पूर्ण पाठिंबा दिला, आणि खाली जाऊन पार्किंगवाल्यांनाही पूर्ण पाठिंबा दिला. माझ्या कानात कुजबुजून उपयोग नाही. दार उघडं आहे, जिन्यात तुमची माणसं आहेत, समोरचे गाडीवाले काका केव्हापासून पायपुसणं झटकतायत. त्यांना ऐकू जाईल असं बोला. भिंती नाहीत, स्लॅब नाही, ओढा उघडा राहील.

बाळ उठेल?

खरंय. उठेल. आणि एकदा उठला की रात्रीपर्यंत नाही झोपायचा, आणि माझी अजून आंघोळ व्हायचीय. वेणीही कालचीच आहे. कसा पडलाय बघा ना, ओठ हलतायत…

उठू दे. बोला. मोठ्यानं.

— आणखी मोठ्यानं!

हं. गेलं ऐकू. काकांचं पायपुसणं थांबलं बघा. आले रे, आले माझ्या राजा — द्या, द्या इकडे. तुमच्या शर्टावर ती लाळच आहे, वाळेल. काय? मत? मत मी नवऱ्यालाही सांगत नाही. तुम्ही आता वरच्या मजल्यावर जा आणि तिथेही एवढ्याच आवाजात बोला. दार ओढून घ्या जाताना. आपटलंत तरी चालेल आता.