आजीची सही

हॅलो?… हां, बोल तनुजा. शाळेतूनच ना? झालं का विजूचं ट्रान्सफर?… अगं, मारुंजीच्या शाळेनं ऑनलाइन मागणी केव्हाच पाठवली. तुम्ही नुसती मंजूर करायची…

नाही, ऐक ना. ती रोज तिथं जाऊन बसते. हजेरीला सगळ्यांची नावं घेतात, हिचं नाही. काल विचारते, "मम्मी, मी नक्की त्याच शाळेत आहे ना?"…

पालकाची सही? माहितीये, माझ्या आईचं नाव लावलंय. विजू आईकडेच राहायची ना तळवड्याला. आणि आई गेली. दहाव्याला आली होतीस तू, तनुजा… मग मृत्यूचा दाखला आणून देते… नको? का नको?

पट कमी होतो… एक पोर गेलं की तू अतिरिक्त शिक्षक… बदली कुठं?… अरे देवा. पण म्हणून आईनं सप्टेंबरची पटमोजणी होईपर्यंत जिवंत राहायचं?… "कागदावरच" म्हणजे काय!

काय? साहेब आलेत? पट मोजायला? आत्ता?… मारुंजीहून कशी आणू तिला, हिंजवडीचं ट्रॅफिक बघितलंयस का? आजारी मांड… मांडलंय? काय झालंय तिला?… गालफुगी. बरं.

साहेबांना पालकही बघायचाय?… मग?… कुणाला बसवलंय?… आईच्या शेजारच्या यशोदाकाकूंना? माझी आई म्हणून?

…

नाही, रडत नाहीये. हसतेय बहुतेक. फोन दे त्यांना. दे म्हणते ना.

काकू? हो, मी उत्कर्षा… नाही हो, रागावले नाही. साहेब समोरच आहेत ना? मग मोठ्यानं सांगा, मी विजयश्रीची आजी. नात तिच्या आईकडं मारुंजीला गेली, नाव तिकडं पाठवा, सही करते… तनुजा काय बोलणार? ही खरी आजी नाही म्हणून साहेबांना सांगणार?… हां, सांगा. थांबते मी.

…

सांगितलंत? मग?… आत्ताच्या आत्ता करा म्हणाले? तनुजानं केलं?… झालं! उद्या हजेरीत नाव येईल तिचं… तनुजाला म्हणावं, संध्याकाळी फोन करते. चिडली असेल…

अं? साहेब काय विचारत होते?… नातीशिवाय करमेल का तुम्हाला?… मग काय म्हणालात?

"न्हाई करमायचं. पर तिकडं माझी लेक येकली पडलीया"…

…

आहे, काकू. ऐकतेय… ठेवते.