पाठीवरचा खिसा

(व्हिडिओ कॉल. लेक मावशीच्या घरी. आई दूरच्या हॉस्पिटलात, नर्सेसच्या क्वार्टरमध्ये.)

लेक : आई, गेममधल्या तुझ्या बाहुलीसाठी कपडे बनवायचं हे चौथं ॲप! यातलं एक धड निवड आणि मला मोकळं कर.

आई : पहिल्यातल्या बाहुलीची कंबर बघितलीस? मुंगीची! माझा स्वेटर मावायचा कुठे त्यात?

लेक : गेममधली माणसं तशीच असतात.

आई : दुसऱ्यात एक रेघ मारली की एक जाहिरात. त्यापेक्षा माझी ड्यूटी परवडली.

लेक : तिसरं चांगलं होतं. तू उगाच नाक मुरडलंस.

आई : उगाच? डाव्या बाहीचा काठ उसवलेला काढला, तर उजवीही आपोआप उसवली!

लेक : त्याला मिरर म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून.

आई : सारख्या कशाला? माझी डावीच उसवलीय. तूच लहानपणी चघळून चघळून उसवलीस.

लेक : तिथे लोक तलवारी घेऊन फिरतात, आई! तुझी बाही कोण बघतंय? गेममध्ये मिळतं ते फुकटचं पिवळं जाकीट काय वाईट आहे?

आई : तेच तर नको.

लेक : पण का?

आई : नको म्हटलं ना.

लेक : मग कर तुला हवं ते. यात मिरर बंद करता येतो. बटण वर आहे, कोपऱ्यात. अगं, वर म्हटलं की खाली काय बघतेस?

आई : ओरडू नकोस. आठवडाभर फोन उचलला नाहीस, आणि उचललास तर सरळ अंगावर येतेस. काय घोडं मारलंय मी तुझं?

लेक : काही नाही. कपडा उलगडलेला दिसतोय ना? एकीकडे पुढची बाजू, एकीकडे पाठ. खिसा काढ.

आई : काढला.

लेक : आता बाहुली फिरवून बघ.

आई : अगंबाई!

लेक : पाठीवर! आई, खिसा पाठीवर काढलास! कपाळ माझं.

आई : राहू दे.

लेक : राहू दे काय? लोक हसतील.

आई : हसू देत. मागूनसुद्धा ओळखू येईन. रविवारी गेममध्ये तुझी वाट बघत त्या पुलाखाली उभी होते, तर जिकडेतिकडे पिवळी जाकिटं. तू येऊन गेलीस की आलीच नाहीस, तेही कळलं नाही.

लेक : पुलाखाली? तू डोंगरावर होतीस.

आई : मी? मला अजून शिडी चढता येत नाही.

लेक : खोटं बोलू नकोस. पिवळं जाकीट, डोक्यावर ‘पाहुणा’ लिहिलेलं. मी मागे मागे आले तुझ्या.

आई : अगं, नाव न टाकणारे सगळेच पाहुणे! तूच सांगितलंस मला.

लेक : म्हणजे ती तू नव्हतीस?

आई : काय झालं?

लेक : मी त्या बाईला लिहिलं. तू समजून.

आई : काय लिहिलंस?

लेक : काही नाही.

आई : बरं. ती काय म्हणाली?

लेक : नाचली. मग कड्यावरून उडी मारून निघून गेली.

आई : म्हणून फोन उचलत नव्हतीस?

लेक : मग? माझं वाचून तू नाचलीस असं वाटलं मला! मावशी विचारत होती, जेवत का नाहीस. तिला काय सांगू, आई नाचली?

आई : बाळा, ते नाचायचं बटण कुठे असतं तेही मला ठाऊक नाही.

लेक : तेच ना! मलाच कळायला हवं होतं. तुला साधं चालता येत नाही. भिंतींवर आपटत असतेस.

आई : हे बघ, चढवला स्वेटर. पुलाखाली आहे मी. ये.

लेक : आले. कुठे... थांब. दिसलीस. ईऽ, किती भयंकर दिसतोय तो खिसा!

आई : दिसला ना पण?

लेक : लांबूनच दिसला. आणि खांबाला नाक लावून काय उभी आहेस?

आई : वळताच येत नाहीये. तू सांग, त्या बाईला काय लिहिलं होतंस?

लेक : जाऊ दे.

आई : माझ्या वाटचं होतं ना ते? मग मला सांग.

लेक : ‘घरी परत ये.’ एवढंच.

(आई कॅमेऱ्यावर तळहात ठेवते. पडदा काळा.)

लेक : आई? नेट गेलं का?

आई : नाही, आहे. वळायचं बटण कुठलं गं, ते सांग आधी.