शहागडचा नंबर

लिनक्सवर कॉलर आयडी बसवायची हौस असेल, तर आधी माझं ऐका. भांडून घर सोडून गेलेला आमचा थोरला अधूनमधून फोन करायचा, पण बोलायचा न्हाई. त्याची आई मात्र रिसीव्हर धरून घरचं सगळं सांगत बसायची. तो कुठाय ते कळावं म्हणून मी पुस्तकात बघून बघून लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ते फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं. मोडेम नंबर पकडेचना. महिनाभर झटल्यावर सेटिंग जमली. पुढचा फोन वाजला आन पडद्यावर शहागडचा नंबर उमटला. मी बायकोच्या हातातून रिसीव्हर ओढून ओरडलो, "सापडलास का न्हाई! शहागडात हायेस. आता कुठूनबी कर, मला बराबर दिसतं!"

फोन कट झाला. मंग परत आलाच न्हाई.

सॉफ्टवेअर मी कधीच काढून टाकलं. बायको म्हणते, "काढलं, हे त्याला कोण सांगणार?"