पाय माझा, परीक्षा त्यांची

अहो, नाम नकोय मला, क्रियापद पाहिजे! तुम्हाला सांगतो, कुमासी शहरातल्या या सरकारी इस्पितळात पायाला ही एवढी जखम घेऊन मी पडलोय, साखरेचा पेशंट, पट्टी रोज बदलायची, आणि सिस्टर सेरवा येते ती हातात कापूस नाही, इंग्रजीचं पुस्तक घेऊन! का, तर लंडनला नर्स म्हणून जायचंय, त्याची परीक्षा! "प्लीज मास्तर, 'ड्रेसिंग' नाम ना?" नाम गं बाई, नाम! पण ते कर ना! आधी माझी पट्टी बदल!

आता चूक कुणाची? माझीच! जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, चुकीचं कानावर पडलं की जीभ वळवळते. पहिल्याच दिवशी ही खाटेपाशी पुटपुटतेय, 'इन्फेक्शन' विशेषण, 'इन्फेक्ट' नाम... अहो, ऐकवेल का? म्हटलं, "उलटं! 'इन्फेक्शन' नाम, 'इन्फेक्ट' क्रियापद, 'इन्फेक्शस' विशेषण!" झालं! दुसऱ्या दिवशी चौघी. मग शेजारच्या वॉर्डातल्या. खाटेभोवती वर्गच भरला की हो! कुणी माझ्यासाठी मक्याचे केंके आणतंय, कुणी तळलेली मासळी, आणि उदाहरणं सगळी माझ्याच जखमेची! "प्लीज मास्तर, ही सुजलीय, म्हणजे 'स्वेल' की 'स्वोलन'?" अगं, सुजलीय ना? मग आधी माझी पट्टी बदल!

शेजारचा तो हर्नियावाला ओफोरी मलाच म्हणतो, "मास्तर, ओरडताय काय, पोरींचं भलं होतंय." होतंय ना! माझं पायाचं बोट गेलं त्याचं काय? हो, कापावं लागलं! आणि टेबलावर भूल देणारी कानाशी येऊन काय विचारते? "प्लीज मास्तर, डोळे मिटायच्या आत, 'ऑपरेट'चं विशेषण?" ... सांगितलं! सांगितलं हो मी!

सगळ्या पास. वॉर्डात गाणी काय, नाच काय! सेरवा माझे हात धरून रडली, "मास्तर, तुमच्यामुळे." मीही रडलो, खोटं कशाला सांगू? आणि महिन्याभरात सगळ्या लंडनला गेल्या. आता दोन वॉर्डांना मिळून एक सिस्टर. आधी माझी पट्टी बदल म्हणायचं, तर म्हणायचं कुणाला?

काल डॉक्टर आले, पाय बघितला, मान हलवली. "मास्तर, असंच राहिलं तर पाय जाईल. मुलगा लंडनला आहे ना? जा तिकडे. तिथल्या नर्सेस फार चांगल्या असतात."

म्हटलं, "असणारच. माझ्याच हाताखालून गेल्यात."